जुन्या मालिका नव्याने येताना मूळ गाणी का गळतात

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न असा आहे. नव्वदच्या दशकात भारतात असताना त्यांनी ‘द वंडर इयर्स’ ही मालिका आवडीने पाहिली होती. 2011 मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा शीर्षकगीत तेच होते, पण आवाज मूळ गायक जो कॉकर याचा नव्हता, आणि पुढे कित्येक प्रसंगांत त्यांच्या आठवणीतली गाणीही नव्हती. मालिका ज्यांची, त्यांनीच ती पुन्हा दाखवायला दिली असेल, तर तिच्यातलीच गाणी तिच्यात ठेवायला अडचण कसली? आणि अडचण पैशांची असेल, तर एवढ्या मोठ्या कंपन्या ते एकदाचे भरून मोकळ्या का होत नाहीत?

संगीताच्या परवानग्या मिळवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. थोडक्यात उत्तर असे की, मालिका निर्मात्याच्या मालकीची असली तरी तिच्यात बाहेरून घेतलेले गाणे त्याच्या मालकीचे कधीच नसते. ते त्याने ठरावीक मुदतीपुरते, ठरावीक माध्यमापुरते आणि ठरावीक प्रदेशापुरते वापरायला घेतलेले असते. पैसा हे कारण आहेच, पण माझ्या मते ते दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे. त्या वेळी करारात नेमके काय लिहिले गेले, आणि त्या करारांपैकी व मूळ ध्वनिफितींपैकी आज हाताशी काय उरले आहे, यावर बहुतेक निर्णय ठरतात.

प्रथम मालकीचे पाहू. कायद्याच्या दृष्टीने एक गाणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून होणारी रचना ही एक. तिचा हक्क बहुधा प्रकाशक कंपनीकडे असतो आणि ती चित्राशी जोडण्याच्या परवानगीला ‘सिंक’ म्हणतात. त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. तिचा हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो आणि त्या परवानगीला ‘मास्टर’ म्हणतात. ‘द वंडर इयर्स’चे शीर्षकगीत हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण रचना बीटल्समधील लेनन आणि मॅकार्टनी यांची, तर ध्वनिमुद्रण कॉकरचे, म्हणजे दोन्ही बाजूंचे मालक सर्वस्वी वेगळे. 2011 च्या आवृत्तीत गाणे तेच आणि आवाज दुसरा, एवढे ऐकले की आमच्या व्यवसायातल्या माणसाला उलगडा होतो: सिंक मिळाले, मास्टर मिळाले नाही किंवा परवडले नाही, म्हणून कोणाकडून तरी तेच गाणे नव्याने गाऊन घेतले.

शिवाय हे मालक एका जागी बसून राहत नाहीत. बीटल्सच्या बहुतेक रचना आधी नॉर्दर्न साँग्ज या कंपनीकडे होत्या. 1969 मध्ये त्या एटीव्ही या कंपनीकडे गेल्या. 1985 मध्ये मायकेल जॅक्सनने एटीव्हीचा संगीतसाठा विकत घेतला. 1995 मध्ये त्याने सोनीशी भागीदारी केली आणि 2016 मध्ये सोनीने त्याच्या वारसांचा हिस्साही घेऊन टाकला. मालिका 1988 ते 1993 या काळात एबीसी वाहिनीवर चालली, म्हणजे पहिल्या परवानगीच्या वेळी समोर बसलेली कंपनी आणि नव्या आवृत्तीच्या वेळी समोर बसलेली कंपनी या कागदोपत्री वेगळ्या. हे तर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रचनांचे झाले, ज्यांच्या विक्रीच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. एखाद्या बुडालेल्या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्याचा आजचा मालक शोधताना दिवाळखोरीची कागदपत्रे आणि मृत गीतकाराच्या नातवंडांचे पत्ते धुंडाळावे लागतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो चांगल्या जाणकारांतही आढळतो. वाहिन्या अॅस्कॅप, बीएमआय अशा, रचनाकार आणि प्रकाशकांच्या वतीने वसुली करणाऱ्या अमेरिकी संस्थांना दरवर्षी शुल्क भरतातच, मग पुन्हा परवानगी कशाला, असे विचारले जाते. ते शुल्क संगीताच्या प्रसारणाचे, म्हणजे सार्वजनिक सादरीकरणाचे असते. गाणे चित्राशी जोडणे आणि त्याच्या प्रती काढून विकणे यांचा त्यात समावेश नसतो. काही सेकंदांपर्यंत गाणे फुकट वापरता येते, असा नियमही कोठे नाही.

आता करारातील भाषेकडे येऊ, कारण खरा घोळ तेथे आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत मालिकेसाठी गाणे घेताना बहुधा पाच वर्षांची मुदत आणि दूरचित्रवाणीवरील प्रसारण एवढेच लिहून घेतले जाई. त्या वेळच्या निर्मात्यांना दूरदृष्टी नव्हती असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सर्व माध्यमांसाठी कायमची परवानगी मागितली की किंमत कित्येक पटींनी वाढे, आणि पुढच्या हंगामापर्यंत तरी तगेल की नाही याची खात्री नसलेल्या मालिकेसाठी तेवढी रक्कम कोणी मंजूर करत नसे. मालिकेचे अख्खे पर्व पेटीत घालून लोकांना विकण्याचा धंदा 2000 च्या सुमारास डीव्हीडीमुळे उभा राहिला. जो बाजारच नव्हता, त्याच्यासाठी आगाऊ पैसे कोण मोजणार?

शब्दांनी किती फरक पडतो, हे तीन अमेरिकी खटल्यांवरून दिसते. ‘मीडियम कूल’ या 1969 च्या चित्रपटातील एका गाण्याच्या परवान्यात ‘दूरचित्रवाणीद्वारे’ प्रदर्शनाला संमती होती. चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आला तेव्हा वाद झाला आणि 1988 मध्ये कोहेन विरुद्ध पॅरामाउंट या खटल्यात नवव्या सर्किटच्या, म्हणजे नवव्या विभागाच्या, अपील न्यायालयाने सांगितले की, पडदा दूरचित्रवाणीचाच असला तरी घरी कॅसेट लावून पाहणे म्हणजे प्रसारण नव्हे, आणि परवाना दिला तेव्हा घरोघरी असे यंत्र नव्हते. सबब कॅसेटचा हक्क दिलेला नाही. याउलट ‘अमेरिकन ग्राफिटी’ या 1973 च्या चित्रपटाच्या करारात आज ज्ञात असलेल्या किंवा पुढे ज्ञात होणाऱ्या कोणत्याही साधनाने, अशा अर्थाचे शब्द होते. त्या एका वाक्यांशामुळे 1983 मध्ये प्लॅटिनम रेकॉर्ड विरुद्ध लुकासफिल्म या खटल्यात कॅसेटचा हक्क निर्मात्याकडे राहिला. तिसरे उदाहरण डिस्नेचे. ‘फँटेझिया’ या चित्रपटासाठी 1939 मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीला 6,000 डॉलर देऊन घेतलेल्या परवानगीतील शब्द इतके व्यापक होते की, 1998 मध्ये दुसऱ्या सर्किटच्या न्यायालयाने व्हिडिओवरील विक्री त्यात बसते असे मानले. जवळजवळ साठ वर्षांनंतर एका वाक्याने एवढे वजन पेलले! म्हणून जुने काम हाती आले की मी आधी दराची चौकशी करत नाही. मूळ परवान्याची प्रत मागतो. निम्म्याहून अधिक वेळा ती मिळत नाही, आणि प्रत नसली की हक्क नाही असेच समजून पुढे जावे लागते, कारण कोणतीही विमा कंपनी किंवा वितरक तोंडी आठवणींवर विसंबत नाही.

प्रदेशाची अट त्याहून विचित्र परिणाम घडवते. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या ‘द चेस’ या 1965 च्या कथानकात बीटल्सची एक छोटी चित्रफीत आहे. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या डीव्हीडीत ती आहे, अमेरिकेतल्या डीव्हीडीत ती काढून टाकलेली आहे. मालिका एक, वर्ष एक, निर्माती संस्था एक. समुद्र ओलांडला की प्रसंग नाहीसा.

या सगळ्या अडचणी एकत्र पाहायच्या असतील, तर ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या मालिकेकडे पाहावे. सीबीएसवर 1978 ते 1982 या काळात तिचे 90 भाग झाले. कथा एका डबघाईला आलेल्या रेडिओ केंद्राची असल्यामुळे निवेदक रेकॉर्ड लावतो, गाणे सुरू होते, आणि त्याच गाण्यावर पात्रांचे बोलणे चालते. ही मालिका फिल्मवर न करता व्हिडिओ टेपवर केली गेली, त्यामागे हिशेब होता: टेपवरील कार्यक्रमांसाठी गाण्यांचे दर कमी होते, कारण ती सवलत मुळात नाचगाण्यांच्या विविधरंगी कार्यक्रमांसाठी ठेवलेली होती. या स्वस्त परवानग्यांच्या मुदती संपल्या आणि पुढच्या प्रसारणांत एकेक गाणे गळू लागले. एका भागात केंद्राचा व्यवस्थापक निवेदकाच्या खोलीत येतो आणि कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते आहे काय, असे विचारतो. लागलेली असते पिंक फ्लॉइड या रॉक बँडची रेकॉर्ड, आणि त्यावर त्या वाद्यवृंदाचे नाव काय, अशी त्याची भाबडी चौकशी चालते. येथे गाणे बदलून दुसरे घालणे शक्यच नाही, कारण विनोदच त्या गाण्यावर उभा आहे. पुढच्या आवृत्तीत तो संवादच कापला गेला.

आणखी एक अडचण प्रेक्षकाच्या लक्षात सहसा येत नाही. संवाद, पार्श्वध्वनी आणि संगीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पट्ट्यांवर जपलेल्या असतील, तर संगीताची पट्टी काढून दुसरी घालता येते. त्या काळच्या टेपवर मात्र अनेकदा तिन्ही मिसळून एकच मोनो पट्टी उरलेली असते. दुधात विरघळलेली साखर काढण्यासारखेच ते. गाणे काढायचे तर त्याच्यावर बोललेला संवादही जातो. ‘डब्ल्यूकेआरपी’च्या काही प्रसंगांत म्हणूनच मूळ नटांसारखा आवाज काढणाऱ्यांकडून संवाद पुन्हा बोलून घ्यावे लागले, आणि ओळखीचे पात्र मध्येच परक्या आवाजात बोलू लागले. आता मिसळलेल्या पट्टीतून आवाज निराळे करणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत, पण शांत संवादाच्या मागे ढोलाचा ठेका असला की स्वरांच्या कडा अजूनही खरवडल्यासारख्या ऐकू येतात.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. प्रत्येक भागाची एक ‘क्यू शीट’ असते. तिच्यातील एका ओळीत गाण्याचे नाव, गीतकार-संगीतकारांचे टक्क्यांतले हिस्से, प्रकाशकाचे नाव, तो कोणत्या संस्थेचा सभासद, गाणे किती मिनिटे-सेकंद वाजले आणि वापराचा प्रकार एवढे लिहिलेले असते. वापराच्या प्रकारावर माझी नजर आधी जाते. गाणे पार्श्वभूमीला नुसते वाद्यांवर आहे, पार्श्वभूमीला गायले जात आहे, की पात्र पडद्यावर स्वतः गात किंवा वाजवत आहे, यावर दरही ठरतो आणि पर्यायही. उपाहारगृहाच्या कोपऱ्यात रेडिओ वाजत असेल, तर दुसरे गाणे घालून कोणाचे काही बिघडत नाही. पण पात्र ओठ हलवत असेल किंवा ठेक्यावर नाचत असेल, तर त्याच लयीत नवे गाणे बांधून घ्यावे लागते आणि तरीही पावले चुकल्यासारखी दिसतात.

मग दर मागवले जातात आणि येथे ‘मोस्ट फेवर्ड नेशन्स’ नावाचे कलम आडवे येते. त्याचा अर्थ एवढाच की, त्याच गाण्यातील दुसऱ्या कोणत्याही हिस्सेदाराला तुम्ही जो दर द्याल, तो आम्हालाही द्यायला हवा. समजा, एका रचनेत एका प्रकाशकाचा 10 टक्के हिस्सा आहे आणि त्याने त्यासाठी 2,000 डॉलर मागितले. त्या हिशेबाने पूर्ण रचनेचा दर 20,000 झाला. बाकीच्यांनी आधी कमी सांगितले असले तरी आता त्यांनाही वाढवून द्यावे लागेल. मास्टरच्या बाजूलाही तेच कलम असल्यामुळे रेकॉर्ड कंपनीलाही 20,000. म्हणजे दशांश हिस्सेदाराच्या एका पत्राने एका गाण्याचा खर्च 40,000 डॉलरवर गेला, आणि ध्वनिमुद्रणातील वादकांच्या संघटनेचे पुनर्वापराचे देणे त्यात धरलेलेच नाही. भागात अशी सहा गाणी आणि मालिकेत शंभर भाग असले, की ‘भरून का टाकत नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर पाटीवर मांडता येते. या वाटाघाटीत मालिका विकणाऱ्याची बाजू नेहमी लंगडी असते. गाणे आधीच प्रसंगात रुतून बसले आहे, हे समोरच्यालाही ठाऊक असते.

यातून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. ‘डारिया’ ही एमटीव्हीची कार्टून मालिका 2010 मध्ये डीव्हीडीवर आली, तेव्हा तिचे निर्माते ग्लेन आयक्लर यांनी संचाबरोबर स्पष्ट लिहिले की 99 टक्के संगीत बदललेले आहे, कारण मूळ ठेवायचे तर संच काढणेच अशक्य झाले असते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. ‘फ्रीक्स अँड गीक्स’च्या बाबतीत उलट झाले. तिच्या कर्त्यांनी मूळ गाण्यांशिवाय संच नको असा हट्ट धरला आणि 2004 मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीने सर्व गाण्यांसह तो काढला. पण ती केवळ 18 भागांची मालिका होती, हे विसरून चालणार नाही. ‘डॉसन्स क्रीक’मधले पॉला कोलचे शीर्षकगीत नव्या आवृत्त्यांतून गेले होते. रचना तिचीच होती, मूळ ध्वनिमुद्रण मात्र रेकॉर्ड कंपनीचे. तिने गाणे स्वतःच्या मालकीने पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि 2021 मध्ये ते नेटफ्लिक्सवर मालिकेत परतले. रचनाकार आणि गायक एकच असेल, हयात असेल आणि तयार असेल, तर याहून चांगला तोडगा नाही. पण या तीन अटी एकत्र क्वचितच जुळतात.

सर्वांत वाईट वाट म्हणजे काही न सांगता बदल करणे. ‘क्वांटम लीप’च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी अॅल हे पात्र हरवलेल्या पत्नीबरोबर रे चार्ल्सच्या गाण्यावर नाचते; तो तेथे केवळ होलोग्राम, म्हणजे प्रकाशाची प्रतिमा असल्यामुळे ती त्याला पाहू शकत नाही, गाणे मात्र दोघांचे आहे. 2004 च्या डीव्हीडीत तेथे कोणत्याही मालिकेत चालेल असे कामचलाऊ संगीत होते. माझे मत विचाराल तर अशा प्रसंगासाठी अख्ख्या पर्वातली पार्श्वभूमीची दहा गाणी बदलून जे वाचेल, ते या एका गाण्यावर खर्च करावे. हिशेबनीस सर्व ओळी सारख्या मापाने मोजतात, पण प्रसंगात गाण्याचे काम काय आहे हे क्यू शीट सांगत नाही. ते भाग पाहूनच कळते, आणि दुर्दैवाने हे काम करणाऱ्या प्रत्येकाला भाग पाहायला वेळ दिला जात नाही.

आपल्याकडे, मराठी मालिकांत, चित्र थोडे निराळे आहे. शीर्षकगीत आणि पार्श्वसंगीत बहुधा मालिकेसाठीच करून घेतलेले असते, त्यामुळे बाहेरच्या गाण्यांचा डोंगर उभा राहत नाही. जुने चित्रपटगीत वापरले असेल तरी रचना आणि ध्वनिमुद्रण या दोन्हींचे हक्क बऱ्याचदा एकाच संगीत कंपनीकडे असतात, म्हणजे दार एकच ठोठवायचे असते. अडचण येते ती करून घेतलेल्या संगीताच्या कागदांची. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. ही तरतूद 1995 पासून लागू आहे. चहा पिता पिता ठरलेल्या मानधनावर चिठ्ठीवजा पावती घेऊन करून घेतलेले शीर्षकगीत आज अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी प्रेक्षकांना दाखवायचे झाले, तर निर्मात्याच्या हातात नेमके काय आहे, हे वकिलाला विचारावे लागते. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर जे माध्यम सोपवण्याच्या वेळी अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा उल्लेख करारात नेमकेपणाने केलेला नसेल तर तो हक्क सोपवलेला धरत नाहीत. शिवाय गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतील, म्हणजे वापराच्या मोबदल्यातील, वाटा त्यांच्याकडून लिहून काढून घेता येत नाही. अमेरिकी पद्धतीचे ‘पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमे’ हे वाक्य येथल्या करारात जसेच्या तसे उतरवून निश्चिंत राहणाऱ्या निर्मात्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्यांच्या कपाटात जुन्या मालिकांच्या टेप पडून आहेत, त्यांनी संगीतकार आणि गीतकार हयात आहेत तोवर त्यांच्याशी बसून नवा लेखी करार करून घ्यावा, त्यांना त्याचे पैसे द्यावेत, आणि संगीताच्या वेगळ्या पट्ट्या कोणाच्या स्टुडिओत उरल्या आहेत का ते विचारून ठेवावे. वारसांशी बोलणे लांबते.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी शेवटची माहिती. ‘द वंडर इयर्स’चा संपूर्ण संच 2014 मध्ये टाइम लाइफने डीव्हीडीवर काढला आणि त्यात कॉकरच्या शीर्षकगीतासह बहुतांश मूळ गाणी परत आणली. अशा संचांचे उत्पादनही परवानगीच्या मुदतीशी आणि ठरलेल्या प्रतींच्या संख्येशी बांधलेले असू शकते, त्यामुळे दुकानात मिळाला तर घेऊन ठेवणे बरे. इंटरनेटवर दाखवली जाणारी आवृत्ती परवाने संपले की गुपचूप बदलू शकते, तुमच्या कपाटातली तबकडी बदलत नाही. दुसऱ्या कोणत्या मालिकेचा संच घेणार असाल तर पेटीच्या पाठीमागची बारीक अक्षरे वाचा. घरगुती आवृत्तीसाठी काही संगीत बदलले आहे, अशा अर्थाची ओळ तेथे असेल, तर किती बदलले ते विकत घेण्यापूर्वी चौकशी करून घ्या.